होडी पलीकडे

पाणी चढलं की त्या काठाची पोरं शाळा बुडवतात, असं पलीकडचे लोक आमच्याबद्दल म्हणतात. म्हणेनात का. त्यांच्या उशाला शाळा, शेजारी दवाखाना, दारात बाजार. त्यांचं बोलायला काय जातंय. आमच्या काठाला घरं आहेत, शेतं आहेत, चिखल आहे आणि एक होडी आहे. ती होडी आमची. आधी माझे सासरे चालवायचे, मग हे चालवायला लागले. ह्या काठावरच्या झाडाच्या बुंध्यापासून पलीकडच्या लोखंडी खांबापर्यंत जाड दोर ताणलेला आहे आणि होडी दोन कड्यांनी त्या दोरात अडकवलेली आहे. पुढच्या टोकाला उभं राहायचं, दोर धरायचा आणि हातामागून हात टाकत होडी ओढून न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. मध्यावर दोराला झोळ येतो, तिथे पाणी होडीला खाली खेचतं आणि ओढणाऱ्याचं सगळं अंग पिळून निघतं.

या साली नदी उतरायच्या दिवसांत पुन्हा चढली. वरच्या अंगाचा लाकडी साकव पहिल्याच लोंढ्यात गेला. मग एक ओंडका वाहत आला आणि होडीच्या कुशीला धडकला. होडीत माणसं होती म्हणून ह्यांनी दोर सोडला नाही. ओंडका गेला, माणसं वाचली, ह्यांचा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी खांदा बसवला, हात गळ्यात बांधून दिला आणि सांगितलं, नदी उतरेपर्यंत दोराला हात लावलात तर हा हात जन्मभर लोंबकळत राहील.

मग दोर कोण धरणार? शेजारच्या एका गड्याला ह्यांनी धरायला दिला. त्याने मधल्या झोळात होडी आडवी केली, कुणाच्या दोन कोंबड्या पाण्यात घालवल्या आणि काठावर येऊन म्हणतो, पाणीच नालायक आहे. ह्यांनी त्याच्या हातातून दोर काढून घेतला तो घेतलाच.

मी धरला असता, पण आमच्या घरात सासऱ्यांनी घालून दिलेले दोन नियम आहेत आणि हे ते जिवापाड पाळतात. एक, हाक आली की होडी निघाली पाहिजे. कोण आहे, कशाला चाललाय, विचारायचं नाही. दुसरा, ज्याला पोहता येत नाही त्याने दोराला हात लावायचा नाही, कारण तो घाबरतो, दोर सोडतो आणि होडी आडवी होते. मी कोरड्या गावची. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाला असायचं आणि ते बादलीत बसून वर यायचं, आम्ही त्याच्याकडे जायचो नाही. लग्न होऊन आले तेव्हा होडीत डोळे मिटून बसले होते. त्यानंतर नाइलाज असल्याशिवाय चढले नाही. वाहतं पाणी पाहिलं की माझ्या पायाखालची जमीनच चालायला लागते, खोटं कशाला सांगू.

राहिली आमची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून लहानपणापासून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दहावीत आहे. पोहणं बापाने शिकवलेलं, दोर धरायचाही तिला नाद. ती म्हणाली, "थोडेच दिवस आहेत ना बाबा, मी ओढते." आणि हे हो म्हणाले. मीही हो म्हणाले. दुसरं तोंडात काय येणार होतं.

तेव्हापासून आमची सकाळ अशी. अजून धुकं उठलेलं नसतं तेव्हा दूधवाले कॅन घेऊन उभे. त्यांना पोचवायचं, रिकामी होडी परत आणायची. मग शाळेची पोरं. दोन खेपांत ती सगळी जातात. दुसऱ्या खेपेला होडी पलीकडे लागते तेव्हा प्रार्थनेची घंटा होत असते. पोरं दप्तरं उडवत चढ चढून जातात, आणि भिंगरी मागे वळून बघते तर ह्या काठाला भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया उभ्या असतात. त्यातली एक हाक मारते. झालं. होडी परत. त्यांना न्यावं तर पलीकडून दूधवाले हाका मारतात, त्यांना घरी यायचं असतं. वर्गातली सगळी पोरं रोज शाळेत पोचतात ती हिच्या हातांनी, आणि वर्गात गैरहजर कोण, तर ही.

वर्गातली पोरं तिला कप्तान म्हणायला लागली. "कप्तान, जरा जोरात, पहिला तास भूमितीचा आहे." ती हसायची. मी काठावरून बघायचे, दोर ओढताना तिची मान ताणली जायची, पाय फळीवर रोवलेले असायचे. बाप बुंध्याशेजारी उलट्या पेटीवर बसून सांगायचा, "वाक, वाक, कमरेतून ओढ, हाताने ओढू नकोस." हात गळ्यात बांधलेला माणूस पोरीला काम शिकवतोय, आणि शिकवताना त्याचा तो बांधलेला हातही आत हलतोय. मला त्याचाही राग यायचा आणि त्याची दयाही यायची.

ओल्या दोराने तिच्या तळव्यांची सालं निघाली. मी चिंध्या बांधून द्यायचे, त्या दुपारपर्यंत भिजून सुटायच्या. संध्याकाळी वही उघडून बसायची तर पेन दोन बोटांच्या मध्ये कसंबसं धरायची. "बोटं वळत नाहीत गं," म्हणायची, आणि पुन्हा हसायची. तिचं ते हसणं मला मुळीच आवडत नव्हतं. पोरगी रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

एका दुपारी पलीकडून एक बाई आल्या. नव्याने आलेल्या, ह्या सत्रापासून दहावीच्या वर्गशिक्षिका. राहायला शाळेशेजारीच, त्यामुळे होडीत कधी बसल्या नव्हत्या. साडी गुडघ्यापर्यंत धरून चढल्या आणि मधल्या फळीवर जीव मुठीत धरून बसल्या. मध्यावर आल्यावर धीर यावा म्हणून की काय, त्यांनी ओढणाऱ्या पोरीला विचारलं, "काय गं, होडीवाल्यांचं घर कुठलं? त्यांची मुलगी माझ्या वर्गात आहे. एकदाही तोंड दाखवलेलं नाही तिने."

भिंगरी दोर ओढत होती. म्हणाली, "उतरल्यावर दाखवते, बाई."

आणि दाखवलं तिने. अंगणापर्यंत आणून सोडलं, मला म्हणाली, "आई, माझ्या वर्गाच्या बाई आल्यात," आणि काठावर हाक झाली म्हणून पळाली. बाईंनी तिच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. मला हसू आलं.

मी त्यांना पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "हेडमास्तरांनी विचारायला पाठवलंय. ह्या काठाची मुलं इतकी गैरहजर का राहतात? मी वर्गात विचारलं तर सगळी एकच सांगतात, होडी नव्हती. मला वाटलं पाठ करून आलीत."

"होडी नव्हती तेव्हा नव्हतीच," मी म्हटलं. "हे पडले तेव्हा बंद होती. आता आहे तर तुमची सगळी पोरं येतात की नाही?"

"येतात."

"मग एक येत नाही ती का येत नाही, ते तुम्ही आत्ता बघितलंत."

बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. पेला खाली ठेवला, मग ओट्यावर बसलेल्या ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, सोमवारपासून पूर्वपरीक्षा आहे. हजेरीचं मी हेडमास्तरांशी बोलेन, पण पेपर सगळे झाले पाहिजेत. एक जरी राहिला तर ते तिला यंदा दहावीला बसू देणार नाहीत. तसं त्यांनी सगळ्या वर्गाला बजावलंय. वर्ष जाईल तिचं."

हे जमिनीकडे बघत होते. "पेपर किती वेळ चालतो?"

"सकाळी बसली की जेवणाच्या सुट्टीला सुटते."

"तोवर होडी?"

"तोवर होडी पलीकडे बांधलेली राहील," मीच म्हटलं. "आभाळ कोसळणार नाही."

बाईंना परत सोडायला भिंगरीच गेली. जाताना बाई तिच्या हातांकडे बघत होत्या, आणि उतरताना त्यांनी तिला काहीतरी विचारलं. भिंगरीने मान हलवली. काय विचारलं म्हटलं तर म्हणाली, "पेन धरता येतं का, म्हणून."

सोमवारी पहिला पेपर भाषेचा. पोरांना घेऊन ती गेली, होडी खांबाला बांधली आणि त्यांच्याबरोबर चढ चढून गेली. किती दिवसांनी तिच्या खांद्याला दप्तर पाहिलं मी. नदीला पाणी आहे पण रुंदी फार नाही. शाळा पलीकडच्या काठावर, चढाच्या माथ्यालाच, खिडक्या नदीकडे. इकडून कुणी मोठ्याने शिंकलं तर तिकडे ऐकू जाईल.

मी भांडी घासत होते. ह्यांचा एक चुलत भाऊ आहे, माझा चुलत दीर, कामाला म्हणाल तर बोंब आणि गप्पांना पुढे. तो काठावर आला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने हाक ठोकली, "हो, होडीवाले." मी हात तसेच राखेचे घेऊन धावले. पोचले तोवर भिंगरी पलीकडून चढ उतरत होती. दप्तर नव्हतं, पेन तेवढं केसात खोचलेलं होतं.

"भावजी, कशाला हाक मारलीत?" मी विचारलं.

"केस कापायचेत," तो म्हणाला. "मानेवर फार आलेत बघ."

मी काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तो मात्र होडीत बसला, पलीकडे गेला आणि डोकं तासडून आला. भिंगरी त्याला सोडून परत वर्गात गेली तेव्हा बाई पेपर गोळा करत होत्या. निम्मा पेपर कोरा. बाईंनी कशीबशी पेपर दिला अशी नोंद केली आणि सांगितलं, गणिताला हे चालायचं नाही. एकदा उठून बाहेर गेलीस की पेपर घेतला जाईल, हेडमास्तर स्वतः वर्गात असणार आहेत.

संध्याकाळी मी ह्यांना धारेवर धरलं. "केस कापायला. तुमच्या भावाच्या डोक्यावरच्या केसांपायी पोरीचं वर्ष जाणार."

"त्याला काय माहीत आत पेपर आहे," हे म्हणाले. "हाक आली, ती आली. तिचं काही चुकलं नाही."

"चुकलं नाही? तिला कौतुकाने सांगा अजून."

"मी कौतुक करत नाही," असं म्हणून ते पेटीवर जाऊन बसले. पण कौतुक होतं त्यांच्या तोंडावर, मला दिसत होतं. त्यांच्या पोरीने हाकेला ओ दिली होती. माझं डोकं भणाणलं.

भिंगरी भाकरी खात होती. तिला मी विचारलं, "उठलीसच का तू? कानात बोळे घालता येत नव्हते?"

ती म्हणाली, "आई, मी उठायचं ठरवलं नव्हतं. हाक आली आणि पाय आपोआप उठले. दारापर्यंत गेल्यावर मला कळलं मी उठलेय." आणि मग पहिल्यांदाच तिचा घास हातात राहिला. "मला दहावीला बसायचंय गं. मला नापास व्हायची भीती नाही वाटत. मला बसूच दिलं नाही तर काय, ह्याची वाटते."

तेव्हा मी ठरवलं. गणिताचा पेपर एक दिवसाआड होता. मधल्या दिवशी मी घरोघर गेले. भाजीवाल्या बायांना सांगितलं, दूधवाल्यांना सांगितलं, चुलत दिराला तर त्याच्या बायकोसमोर सांगितलं. उद्या दुपारपर्यंत होडीला हाक मारायची नाही. सगळे हो म्हणाले. हो म्हणायला कुणाच्या बापाचं जातं. त्यातल्या निम्म्यांचा मला भरवसा नव्हता.

म्हणून ह्यांना म्हटलं, "मी तिच्याबरोबर पलीकडे जाते. होडीजवळ बसून राहते. कुणी हाक मारायला तोंड उघडलं की तिकडून हातानेच थांबवते."

"त्यासाठी पलीकडे कशाला जायला पाहिजे? मी इथे आहे की. मी सांगेन लोकांना."

"तुम्ही? तुमच्या तोंडातून 'नाही' निघालंय कधी?"

ते ओशाळले. मग म्हणाले, "होडीत बसशील?"

"बसेन."

"दोराला हात लावू नकोस."

"मला काय हौस आलीय," मी म्हटलं. भिंगरीला जवळ घेऊन सांगितलं, "उद्या काहीही ऐकू आलं तरी उठायचं नाही. खाली मी आहे. काय होईल ते मी बघेन. समजलं?" तिने मान डोलावली. मी तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

गणिताच्या दिवशी आभाळ गच्च होतं, पाऊस मात्र नव्हता. नदीला गढूळ फेस. होडीत चढताना मी दोन पोरींचे हात धरले आणि त्या फिदीफिदी हसल्या. हसा म्हटलं. मी खाली फळीकडे बघत बसले, तरी झोळात होडी तिरकी झाली तेव्हा माझ्या घशातून आवाज निघालाच. भिंगरी मागे न बघता म्हणाली, "काही नाही आई, इथे रोज असंच करते ती."

ती वर गेली. घंटा झाली. मी खांबाजवळच्या दगडावर बसले आणि पलीकडे बघत राहिले. हे बुंध्याजवळ उभे. माणूस आला की हे पुढे होत, एका हाताने काहीतरी समजावत, आणि माणूस परत जाई. एक गेला, दुसरा गेला, भाजीवाल्यांचा घोळका आला, बसला, तोही उठून गेला. मला माझ्या नवऱ्याचं खरंच आश्चर्य वाटलं. पोरीसाठी हा माणूस आज नाही म्हणायला शिकला. वर शाळेत सगळं शांत होतं. कुठेतरी एक खिडकी वाऱ्याने आपटत होती, तेवढीच. मी मनात म्हणत होते, अर्धा वेळ गेला असेल, आता अर्धाच राहिला असेल.

मग पलीकडे, आमच्या काठावर, धावपळ दिसली. आमच्या वस्तीतल्या सुताराची बायको पुढे आणि दोन गडी सुताराला मधे धरून. त्याचा एक पाय जमिनीला टेकत नव्हता. पायाला धोतराचं फडकं गुंडाळलेलं, आणि ते फडकं लाल झालेलं मला एवढ्या लांबून दिसलं. लाकूड तासताना वाकसाचं पातं निसटून घोट्याच्या वर बसलं होतं, हे मागाहून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की दवाखाना माझ्या पाठीशी आहे, होडी माझ्या पायाशी आहे आणि माणूस तिकडे आहे.

हे माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. मला कळलं हे काय करणार. करायलाच पाहिजे होतं, मी तरी दुसरं काय सांगितलं असतं. त्यांनी डावा हात तोंडाशी नेला आणि हाक दिली. आमच्या घरातली हाक, लांब ओढलेली, पोरीच्या नावाची. "ए भिंग..."

ती पुरी व्हायच्या आत मी गाठ सोडली होती. कशी सोडली ते विचारू नका. रोज बघत होते, हाताला माहीत असेल. होडीत चढले, पुढच्या टोकाला उभी राहिले आणि दोर धरला. थंड, ओला आणि मनगटाएवढा जाड. ओढला. होडी हलली.

त्यांची हाक मधेच तुटली. मला वाटलं होतं हे आता ओरडणार, सोड, बस खाली, पोरीला बोलाव. ओरडले नाहीत. दोरावरच्या माणसाला कधी हाक मारायची नाही, तो वर बघतो आणि हात सुटतो, असं ते पोरीला शिकवायचे. ते तसेच उभे राहिले, तोंडावर हात ठेवून. सुताराच्या बायकोने तोंड उघडलं तर तिला त्यांनी खांद्याने मागे सारलं. त्या काठावर कुणी बोलेना.

मी पाण्याकडे बघितलं नाही. दोराकडे बघितलं. दोराला जिथे जिथे शेवाळ होतं ते मोजलं असतं तर मोजता आलं असतं, इतकं मी त्याच्याकडे बघितलं. हात पुढे, ओढ. हात पुढे, ओढ. कमरेतून, कमरेतून, असं स्वतःशी पुटपुटत होते. झोळात आले तेव्हा दोर माझ्या हातातून पुढे सरकेना. पाणी होडीला खाली दाबत होतं, मागचं टोक फिरायला लागलं, आणि बाहेर उडालेलं पाणी पायावर आलं. सोडून द्यावा, खाली बसावं, डोळे मिटावे, असं इतकं वाटलं की काय सांगू. म्हणूनच तो नियम होता, हे मला तिथे कळलं. सासरे शहाणे होते. पण मी सोडला तर हाक पुन्हा उठणार होती, आणि ह्या वेळी पुरी उठणार होती. मी दोर काखेत धरला, छाती त्याच्यावर टाकली आणि पाय फळीला रोवून मागे रेलले. किती वेळ तशी होते देव जाणे. मग होडी जरा सरकली. मग अजून जरा.

काठाजवळ आले तर हे कमरेएवढ्या पाण्यात उतरलेले. एका हाताने त्यांनी होडीची कड धरली. सुताराला आत घातलं, त्याची बायको आत आली, आणि हेही चढले. "तू पुढे धर," म्हणाले, "मी मागे डाव्या हाताने धरतो. मी ओढ म्हणेन तेव्हा ओढ." हळू म्हणाले, कुजबुजल्यासारखं. त्यांचा एक हात आणि माझे दोन. झोळात होडी आडवी झाली नाही. सुतार मधल्या फळीवर पडून आढ्याकडे बघावं तसा आभाळाकडे बघत होता आणि त्याची बायको पाय घट्ट दाबून धरून होती.

पलीकडे दूधवाले होते, त्यांनी सुताराला उचलून दवाखान्यात नेलं. टाके पडले, पाय वाचला, सगळं ठीक झालं. पण ते मला नंतर कळलं. त्या वेळी मी दगडावर बसले. हे शेजारी बसले. वर शाळेकडे बघत होते.

"आली नाही," हे म्हणाले.

"नाही आली."

"ऐकू गेली नसेल का हाक?"

मी म्हटलं, "तुमचा आवाज? ऐकू गेला नसेल?" आणि तेव्हा माझ्या मनात आलं की हाक निम्मीच गेली. निम्मी ऐकून ती बसून राहिली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण त्याच्या मागोमाग काहीतरी नको ते लागून आलं, आणि ते काय होतं ते मला तेव्हा धरता आलं नाही.

सुट्टीची घंटा झाली. पोरं चढावरून लोंढ्यासारखी खाली आली आणि त्यांच्या सगळ्यांच्या पुढे भिंगरी, धावत, दोनदा घसरली, हाताने चिखल टेकून उठली. बापाला दगडावर बसलेलं बघितलं आणि जागच्या जागी थांबली. अंगावर भिजलेले कपडे, गळ्यातला हात, सगळं तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खाली बसली आणि रडायला लागली. एवढे दिवस रडली नव्हती ते सगळं काढलं तिने. तिच्या मागे बाई आल्या होत्या, त्या लांबच उभ्या राहिल्या.

"अगं काय झालं?" हे म्हणाले. "पेपर घेतला का तुझा?"

"नाही घेतला." तिला बोलता येईना. "हाक मधेच थांबली, बाबा. तुमची हाक कधी मधे थांबत नाही. मला वाटलं तुम्ही पाण्यात उतरलात. एका हाताने. मला वाटलं गेलात तुम्ही." ती नाक पुसत होती आणि सगळा चिखल तोंडाला लागत होता. "आणि तरी मी बसून राहिले. आईने बसायला सांगितलं होतं. मी बसून गणितं सोडवत राहिले."

मला तिच्याजवळ जाता आलं नाही. मीच तर वदवून घेतलं होतं तिच्याकडून. बाकीची पोरं गप्प होडीभोवती उभी होती, एकानेही तिला कप्तान म्हटलं नाही.

ह्या माणसाने उभा जन्म एका हाकेवर काढला होता, आणि आज त्याची पोरगी त्याला सांगत होती की तुमची हाक ऐकूनही मी उठले नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

ते उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि डाव्या हाताने तिच्या गालावरचा चिखल पुसायला गेले. तो अजूनच पसरला.

"सुटली का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"गणितं."

तिने मान हलवली. "एक राहिलं."

"राहू दे एक," ते म्हणाले. "चल, ऊठ. पोरांना भुका लागल्यात."